साहाय्य देताना : न्याय आणि विवेक



सुवर्णमहोत्सवात दानशूरांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण होते, ते उचितच आहे. परंतु देणगीची पावती फाडल्यानंतर तो पैसा कोणाच्या हाती पडतो आणि ज्याला नाकारले जाते त्याला काय सांगितले जाते, याचा विचार अशा प्रसंगी क्वचितच होतो.

महाराष्ट्र शासनाच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर रोगाने ग्रासलेले अशांना तिच्यातून दरमहा साहाय्य मिळते. २०२३ साली ही रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली, तेव्हाही विधवांच्या पात्रतेसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपयेच होती; म्हणजे महिन्याला १,७५०. चार घरची धुणीभांडी करणारी विधवाही ही मर्यादा सहज ओलांडते. तिने खरे सांगितले तर ती अपात्र आणि कमी सांगितले तर पात्र! अशा हिशेबाला व्यापारात जे नाव आहे, ते येथे उच्चारण्याचे कारण नाही. मग तिचे भवितव्य उत्पन्नाचा दाखला देणाऱ्यावर येऊन ठेपते. एका गावी दाखला मिळतो, शेजारच्या गावी तशाच स्थितीतील भगिनीला मिळत नाही, असे घडू शकते. पहिल्या ठिकाणी विवेक होता की ओळखपाळख, हे कसे समजावे? कारण लिहून ठेवले असेल तरच.

यावर काही जण म्हणतात, निर्णय घेणाऱ्याला मोकळीकच नको, नियमाने चालावे. नेदरलँड्समध्ये तसे झाले. पाळणाघराच्या खर्चासाठी पालकांना मिळणाऱ्या शासकीय साहाय्यात एखादी सही राहिली किंवा पालकांचा स्वतःचा थोडा हिस्सा भरला गेला नाही, तरी कर खाते संपूर्ण रक्कम परत मागत असे. अधिकारी कायद्याकडे बोट दाखवीत. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही हे अनेक वर्षे मान्य केले. ती भूमिका २०१९ मध्ये बदलली. तोवर हजारो कुटुंबे कर्जात बुडाली होती. शिवाय तपासणीसाठी निवड करताना दुहेरी नागरिकत्वाचा आधार घेतल्याचे उघड झाले. नियम निष्ठुर आणि निवड पक्षपाती, असे दोन्ही दोष एकत्र आले. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तेथील मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

मीटरपट्टी सर्व गिऱ्हाइकांना एकच असते. सदरा शिवताना मात्र माप ज्याच्या त्याच्या अंगाचे घ्यावे लागते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली, न्यूयॉर्कमधील साहाय्यार्थींच्या खटल्यात, चालू साहाय्य बंद करण्यापूर्वी त्या व्यक्तीला कारण कळवावे आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, असा निर्णय दिला. बंद केल्यानंतर सुनावणी देऊन काय उपयोग? तोवर चूल विझलेली असते. न्यासाच्या वैद्यकीय साहाय्य किंवा शिष्यवृत्ती समितीलाही हे अवघड नाही. नकाराचे कारण दोन ओळींत लिहावे, अर्जदाराला कळवावे, आणि फेरविचार पहिल्या निर्णयात नसलेल्या सदस्यांकडे सोपवावा. समितीतील सदस्याचा नातलग अर्जदार असेल तर त्या सदस्याने बैठकीतून उठावे. नात्यागोत्यांनी बांधलेल्या छोट्या समाजात हे उठणे जड जाते, हेही खरेच.

कारण असे उघड असावे. नाव मात्र झाकलेले असावे. गुप्तदानाची थोर परंपरा समाजात आहे. तिच्यात देणाऱ्याचे नाव गुप्त राहते. घेणाऱ्याचे नाव मात्र सभेत वाचले जाते, इतिवृत्तात उतरते आणि संध्याकाळपर्यंत पेढीपेढीवर पोहोचते. कित्येक गरजू कुटुंबे केवळ या धास्तीने अर्जच करीत नाहीत. बैठकीत नावाऐवजी अर्जाचा क्रमांक वापरला आणि रक्कम थेट रुग्णालयात किंवा शाळेत भरली, तरी पुष्कळ साधेल. व्यासपीठावर धनादेश स्वीकारणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र देणगीदारांना समाधान देते खरे; परंतु ते छायाचित्र त्याच्या वर्गातील मुलेही पाहतात.

जय जिनेंद्र!