भांडण चुकीच्या जागी

संकेतस्थळे उभारून ती चालती ठेवणाऱ्या व्यवसायबंधू-भगिनींनो,

अध्यक्षाने कुणाची बाजू घेऊ नये, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे, कारण सकाळच्या चर्चासत्राचा निम्मा वेळ वेब सर्व्हर म्हणून अपाचे की एंजिनएक्स या वादात गेला.

वादाला कारण आहे, हे कबूल. 1995 मध्ये आलेल्या अपाचेने वर्षभरातच पहिला क्रमांक गाठला. मात्र त्याच्या मूळ रचनेत प्रत्येक जोडणीमागे एक प्रोसेस अडकून पडे. हजारो वाचक एकदम आले की मेमरी संपायची. इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने 2004 मध्ये खुल्या केलेल्या एंजिनएक्समध्ये मोजक्याच प्रोसेस हजारो जोडण्या सांभाळतात. पुढे अपाचेनेही तशी सोय केली. पण आपल्यापैकी किती जणांकडे एका क्षणी दहा हजार वाचक येतात? हसू नका, हात वर करा! तालुक्याच्या वाचनालयाला दोन्ही सर्व्हर चालतील. शनिवारी रात्री सर्व्हर बदलला, तर रविवारी वाचकाला पत्ताही लागत नाही. जी निवड इतक्या सहज फिरवता येते, तिच्यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही.

ब्राउझरचे तसे नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे महाजालावर आली, तेव्हा युनिकोड रुळले नव्हते. ज्याचा त्याचा फाँट वेगळा. पानासोबत आपोआप उतरणारे फाँट आले, तर इंटरनेट एक्सप्लोररला एका जातीचा लागे, नेटस्केपला दुसऱ्या. एकाचीच सोय केलेली असली, की दुसऱ्यात बातमीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. त्या काळचा मजकूर युनिकोडमध्ये आणताना आजही नाकी नऊ येतात, हे इथल्या ग्रंथपालांना विचारा.

आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह अशी नावे अनेक असली, तरी आतले इंजिन एकच, ब्लिंक. मायक्रोसॉफ्टनेही 2020 मध्ये स्वतःचे इंजिन सोडून एज त्यावर आणला. त्याबाहेर दखल घेण्याजोगी उरली दोनच: ॲपलचे वेबकिट आणि फायरफॉक्सचे गेको. अशा वेळी ‘आमचे संकेतस्थळ फक्त क्रोमवर चालेल’ असे ग्राहकाला बिनदिक्कत सांगणारे आपण, ‘इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा’ अशी पाटी लावणाऱ्यांचेच वारस आहोत.

आता इंटरनेट पुरवणाऱ्यांविषयी. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. खासगी कंपन्यांना वाट मिळाली ती 1998 मध्ये. आज परवानेधारक पुष्कळ आहेत, पण सोसायटीने ज्याच्या केबलला जिन्यात शिरू दिले, तोच आपला पुरवठादार. म्हणून जिथे निवडायला वाव आहे, तिथे तरी नीट विचारा. जाहिरातीतला आकडा बहुधा उतरवण्याच्या वेगाचा असतो, चढवण्याचा किती? सार्वजनिक आयपी पत्ता स्वतंत्र मिळणार, की शेकडो ग्राहकांत एकच वाटून? वाटून मिळाला, तर घरच्या सर्व्हरपर्यंत बाहेरून थेट पोचता येत नाही.

आणि पुरवठादाराच्या नावाचा ईमेल पत्ता घेऊ नका. डायलअपच्या दिवसांत अनेकांच्या लेटरहेडवर, लग्नपत्रिकांवरसुद्धा असे पत्ते छापले गेले. जोडणी सोडली, की पत्ता गेला. डोमेनचेही तेच. ग्राहकाला कटकट नको म्हणून त्याचे डोमेन स्वतःच्या नावावर नोंदवणारे या सभागृहात आहेत. ही सेवा नव्हे, ही अडवणूक आहे, आणि अध्यक्ष या नात्याने मी तिचा निषेध करतो.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात सर्व्हरविषयीचा ठराव आहे. तो मागे घ्या आणि त्याजागी ग्राहकाचे डोमेन ग्राहकाच्याच नावे नोंदवण्याचा ठराव मांडा. अनुमोदन मी देईन.