इनामगावचा पाट आणि इनामगावचे कोठार



कामगार चळवळीतल्या माणसाने पुरातत्त्वावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण पुरातत्त्व म्हणजे तरी काय? राजांच्या वंशावळी आणि ताम्रपट हा त्याचा एक भाग झाला. दुसरा, आणि आम्हांला अधिक जवळचा भाग असा, की ज्यांनी एक अक्षरही लिहून ठेवले नाही अशा माणसांचे जगणे त्यांच्या चुलींवरून, हाडांवरून आणि हत्यारांवरून वाचायचे. कष्टकऱ्यांचा इतिहास बहुधा असाच वाचावा लागतो, कारण लिहिणाऱ्यांनी तो क्वचितच लिहिला. शिवाय ज्या मातीतून हे वाचन होते ती माती कुदळीने खणणारे आणि घमेल्याने वाहणारे हातही मजुरांचेच असतात. तेव्हा हा विषय आमच्या घराबाहेरचा आहे असे आम्ही मानत नाही.

हवामान बदलते आहे, हे आता कोणी आपल्याला समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही. पण या चर्चेत एक शब्द वारंवार ऐकू येतो, तो म्हणजे 'जुळवून घेणे'. समाजाने बदलत्या हवामानाशी जुळवून घेतले पाहिजे, असे सांगितले जाते. हा शब्द आम्ही कारखान्यांच्या दारांत पुष्कळ ऐकला आहे. कामाचे तास वाढले, जुळवून घ्या. दहा माणसांचे काम सहांवर आले, जुळवून घ्या. त्यामुळे आम्हांला अशी सवयच लागली आहे, की हा शब्द कानावर पडताच विचारावे : जुळवून घ्यायचे ते कोणी? आणि त्याची किंमत कोणाच्या ताटातून वजा व्हायची? आज हाच प्रश्न आपण तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावाला विचारू. ते गाव आपल्याच महाराष्ट्रातले आहे.

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. सह्याद्रीवर धो धो कोसळणारा पाऊस इथे येईतो दमलेला असतो. या गावाजवळच्या पांढरीवर डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ साली उत्खनन सुरू केले. हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. हंगामामागून हंगाम हे काम १९८३ पर्यंत चालले आणि त्याचा सविस्तर अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. एक उभा, अरुंद खड्डा खणला, तर कोणत्या थरावर कोणता थर बसला आहे ते कळते, म्हणजे आधी काय आणि नंतर काय याचा हिशेब लागतो. पण कोणाच्या शेजारी कोण राहत होते, कोणाचे घर मोठे आणि कोणाचे लहान, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वस्ती आडवी, विस्तीर्ण उघडावी लागते. इनामगावात तसे केले गेले, म्हणून शंभराहून अधिक घरांचे अवशेष हाती आले. जळालेल्या दाण्यांवरून पिके ओळखली गेली, हाडांवरून जनावरे ओळखली गेली, कोळशाच्या किरणोत्सर्गी कार्बनवरून काळ ठरवला गेला. शरद राजगुरू यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी नद्यांच्या काठचे गाळाचे थर तपासून त्या काळच्या पाऊसपाण्याचा माग काढला.

या साऱ्यातून तीन कालखंड दिसले. पहिली वस्ती इ.स.पू. १६००च्या सुमाराची. तिला माळवा संस्कृती म्हणतात. त्यानंतर इ.स.पू. १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा पूर्वकाळ, आणि इ.स.पू. १००० ते ७०० हा तिचा उत्तरकाळ. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले गाव. तिथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि त्यावरून हे नाव पडले.

पूर्वकाळातले इनामगाव हे नांदते गाव होते. कुडाच्या भिंतींची, मातीने लिंपलेली चौकोनी घरे, ओळीने बांधलेली, मध्ये बोळ सोडलेले. सातू म्हणजे जव हे मुख्य पीक. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा. गुरे, शेळ्या-मेंढ्या होत्या. कुंभार होता, सोनार होता, मणी घडवणारा होता, चुन्याची भट्टी लावणारा होता. या कारागिरांची घरे मुख्यतः वस्तीच्या पश्चिम कडेला आणि संपन्न शेतकऱ्यांची मधोमध होती, असे उत्खननकर्त्यांनी नोंदवले आहे. गावकूस आणि गावाची कड यांतला फरक आपल्याकडे किती जुना आहे, हे त्यावरून ध्यानात यावे.

दोन गोष्टींपाशी मात्र आपण थोडे थांबले पाहिजे. पहिली म्हणजे पाट. नदीचे पाणी वळवण्यासाठी या लोकांनी सुमारे चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असा पाट खणला होता. त्याला दगडमातीचा बांध होता. साडेतीन मीटर म्हणजे दोन पुरुष उंची. लोखंड अजून हाती आले नव्हते, तांबे थोडे आणि महाग होते. दगडाची, लाकडाची अवजारे घेऊन एवढे खोदकाम करायचे, तर ते एका कुटुंबाचे काम नव्हे. साऱ्या गावाने मिळूनच ते केले असले पाहिजे, आणि गाळ काढायला वर्षानुवर्षे पुन्हा मिळूनच उतरले असले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे कोठार. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले, आणि त्याला लागून धान्य साठवण्याची इमारत. तिच्यात पेवे होती, कणग्या ठेवण्यासाठी केलेले गोल ओटे होते. पाच खोल्यांचे घर गावच्या प्रमुखाचे असावे, गाव आपल्या पिकाचा वाटा इथे आणून घालत असावे आणि तो अडीअडचणीला बाहेर निघत असावा, असा ढवळीकरांचा तर्क आहे. या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष सापडला. इनामगावात मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालचे पाय तोडण्याची रीत होती. या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. मरणातसुद्धा कोणाला सूट होती आणि कोणाला नव्हती, हे यावरून दिसते.

आता उत्तरकाळाकडे वळू. इ.स.पू. १०००च्या सुमारास गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातल्या जोर्वे संस्कृतीच्या बहुतेक वस्त्या ओसाड पडल्या. दायमाबादसारखे मोठे गाव उठले. भीमेच्या खोऱ्यात इनामगाव तग धरून राहिले, पण त्याची कळा गेली. चौकोनी घरांच्या जागी बहुतांशी लहान, गोल खोपटी आली. शेती आखडली, गहू कमी झाला. हाडांमध्ये शेळ्या-मेंढ्यांचे आणि शिकारीच्या हरणांचे प्रमाण वाढले. म्हणजे नांगरटीचे गाव हळूहळू कळपामागे फिरणारे गाव होऊ लागले. पाऊस घटला, दुष्काळ वरचेवर पडू लागले, हे त्याचे कारण, असे ढवळीकरांनी मांडले. इ.स.पू. ७००च्या सुमारास इनामगावही ओस पडले.

इथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल, की पाहा, समाजाने कसे जुळवून घेतले! शेती जमेना तेव्हा शेळ्या पाळल्या, मोठे घर परवडेना तेव्हा खोपटे बांधले, आणि आणखी तीनशे वर्षे काढली. हे खोटे नाही. पण हिशेबाची एक बाजू अजून पाहायची राहिली आहे. ती घरांच्या जमिनीखाली होती.

इनामगावात लहान मूल गेले, की त्याला घरातच, जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरत असत. आई जिथे सातू दळत होती तिथेच दोन हात खाली तिचे मूल निजलेले असे. तिथे दोनशेहून अधिक दफने मिळाली, आणि त्यांत मुलांचीच फार. या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषींनी मुलांच्या हाडांवर विशेष काम केले. त्यांचा ग्रंथ २०११ साली निघाला.

यातली युक्ती साधी आहे. उपासमारीने हाडांची वाढ खुंटते, पण दात बऱ्याच अंशी आपल्या वेळेवरच येतात. तेव्हा दातांवरून मुलाचे वय काढायचे, मांडीच्या हाडावरून त्याची अंगलट काढायची आणि दोन्ही शेजारी ठेवायची. आपल्या अंगणवाडीतली ताई वजनकाटा आणि वयाचा तक्ता घेऊन जे करते तेच हे, फक्त तीन हजार वर्षे उशिराने. त्यातून निघाले असे, की उत्तरकाळातली मुले वयाच्या मानाने खुरटलेली होती. मुले अधिक जन्मत होती आणि अधिक मरतही होती. गाव टिकले खरे. पण ते ज्या शिलकीवर टिकले ती शिलक या मडक्यांत होती.

शुग यांनी आणखी एक मुद्दा काढला. इ.स.पू. १०००च्या सुमारास हवामान एकाएकी बिघडले याला पुरेसा आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. हवामान कोरडे होतेच, पण ते आधीपासूनच. वारंवारच्या पिकांनी, चराईने आणि झाडतोडीने जमिनीची जी झीज झाली तिच्याकडे त्या बोट दाखवतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाशी हे जुळते. गोदावरीच्या मुखासमोर समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळाचा लांबच लांब नमुना काढून, त्यात वाहून आलेल्या पानांवरच्या मेणाच्या अंशांचा अभ्यास केला गेला. मध्य भारतात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून कोरडेपणा वाढू लागला, असे त्यात दिसले. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जोर्वे लोकांची भरभराट झाली तीसुद्धा कोरड्या आभाळाखालीच!

पंडितांचा हा वाद पंडितांनी मिटवावा. आम्हांला त्यातून कळते ते एवढेच, की पावसाच्या आकड्यावरून गावाचे नशीब वाचता येत नाही. कमी पावसाच्या मुलखात पाट होता, कोठार होते, जमिनीत कस होता, तोवर गाव चारशे वर्षे नांदले. या तीन गोष्टी आभाळातून पडत नाहीत. पाट माणसांनी मिळून खणायचा असतो, कोठार मिळून भरायचे असते, आणि जमीन ओरबाडायची की राखायची हेही माणसेच ठरवतात. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेला पाऊस आणि पिकलेला दाणा कोणाच्या वाट्याला किती यावा, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

हे आम्ही केवळ तर्काने म्हणत नाही. इनामगावचे उत्खनन ज्या वर्षांत चालू होते त्याच वर्षांत, १९७२ साली, महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले, बांध घातले. जुन्यांना सुकडी आणि तांबडा मिलो आठवत असेल. ते दिवस सुखाचे नव्हते. मजुरी तोकडी होती, हजेरीपटावरून भांडणे होती, आणि ती भांडणे चळवळीला भांडावीच लागली. पण पाऊस इतका घटूनही माणसे त्या प्रमाणात मेली नाहीत, कारण काम आणि दाणा मिळण्याची काहीतरी व्यवस्था उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी त्यातूनच वर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला.

त्या हमीला पैसा कोठून आला, हे या सभेतल्या नोकरदारांनी आपल्या पगारपत्रकात पाहावे. तिथे व्यवसाय कर म्हणून दोनशे रुपयांची एक ओळ असते. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे घालावे, सरकारने तेवढीच भर टाकावी आणि गावातल्या मजुराला हक्काचे काम मिळावे, अशी ती मांडणी होती. आपण त्या ओळीकडे पाहून कपाळाला आठी घालतो. वस्तुतः इनामगावच्या लोकांनी कणगीत टाकलेल्या सातूची ती ओंजळ आहे. फरक एवढाच, की इनामगावचे कोठार प्रमुखाच्या घराला लागून होते आणि आपले कोठार कायद्याने बांधलेले आहे. त्याची किल्ली कोणाकडे आहे आणि दाणा कोणाला मिळतो, हे आपण उघडपणे विचारू शकतो. विचारत नाही, हा दोष आपला.

म्हणून या व्याख्यानातून घरी नेण्यासारखी एकच गोष्ट आम्ही आपल्या हाती ठेवतो. आता गावोगावी, नगरोनगरी हवामानाशी जुळवून घेण्याचे आराखडे होतील. त्यांत पुष्कळ नकाशे आणि आकडे असतील. ते आराखडे पुढ्यात आले, की आपण तीन प्रश्न विचारावेत. पाट कोण खणणार आणि त्याचे पाणी कोणाच्या वावरात जाणार? भर दुपारी बांधकामावर उभ्या असलेल्या, रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या, ऊस तोडायला घरदार सोडून निघालेल्या माणसासाठी कोठारात काय ठेवले आहे? आणि तिसरा प्रश्न, या आराखड्याची परीक्षा कशी घेणार? तिसऱ्याचे उत्तर इनामगावने देऊन ठेवले आहे. धरणाच्या उंचीवरून आणि खर्चाच्या रकमेवरून ती परीक्षा होत नाही. ऊसतोडीच्या फडावर, विटभट्टीवर, झोपडपट्टीत जे मूल वाढते आहे त्याला काट्यावर उभे करा आणि त्याचे वय विचारा. वजन वयाला साजेसे असेल, तर समाजाने जुळवून घेतले म्हणा. नसेल, तर समाजाने आपला बोजा त्या मुलावर टाकला म्हणा.

तीन हजार वर्षांनी ही गोष्ट हाडे सांगतातच. ती आजच, मूल जिवंत असताना, ऐकणे आपल्याला शक्य आहे.