आपलं गोणपाट आपण आणा

(विद्यार्थी दिनानिमित्त साताऱ्यात केलेलं भाषण)



विषय दिलाय 'ऑनलाईन शिक्षण आणि आपण'. मी मॅट्रिक. गोदीत माल उचलतो. शिक्षणावर बोलायला हमाल बोलावला म्हणून काही प्राध्यापक मंडळी नाकं मुरडतील. मुरडू देत. वर्गाच्या बाहेर पडलेल्यांचंही मत कधीतरी ऐका.

7 नोव्हेंबर 1900. याच गावात भिवा रामजी आंबेडकर हे पोर इंग्रजी पहिलीत दाखल झालं. रजिस्टरला नंबर 1914. सरकारने 2017 पासून हा विद्यार्थी दिवस केला. हारतुरे सुरू झाले. पण त्या गोणपाटाचं काय? बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं. बसायला घरनं गोणपाट न्यायचं आणि शाळा सुटली की तेच काखेत मारून परत आणायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला शिवत नव्हता. शिपाई असला तर पाणी, नसला तर घसा कोरडा.

आता मार्च 2020. शाळांना कुलपं लागली. सरकार म्हणालं, शाळा बंद पण शिक्षण आहे. कुठं आहे? मोबाईलमध्ये. मोबाईल कुणी आणायचा? तुम्ही. रिचार्ज? तुम्ही. रेंज नसंल तर टेकाड कुणी चढायचं? तेही तुम्हीच. म्हणजे एकशेवीस वर्षांनी फर्मान तेच, की आपलं गोणपाट आपण घरनं आणा. फरक एवढाच की भिवाला निदान कोपरा होता. 1 जून 2020 ला केरळात ऑनलाईन वर्ग सुरू झाले आणि त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात नववीतल्या एका दलित पोरीने जीव दिला. घरचा टीव्ही बिघडलेला, स्मार्टफोन नाही, बाप रोजंदारीवर. आणि हे कुठं, तर ज्या राज्याच्या साक्षरतेचे गोडवे देशभर गातात तिथं.

आपल्याकडं पाटण-जावळीच्या वाड्यांत जा, नायतर तिकडं जत-आटपाडीला. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप ऊसतोडीला. उरलाच तर पहिला नंबर पोराचा. पोरीनं भांडी घासून झाल्यावर मागायचा. सावित्रीमाईचं नायगाव याच सातारा जिल्ह्यातलं बरं का.

मला कुणी यंत्राचा दुष्मन म्हणू नका. आमच्या पाठीवरची गोणी जाऊन कंटेनर आला तेव्हा पाठीचे मणके वाचले, ही खरीच गोष्ट. पण टोळ्याच्या टोळ्याही गेल्या. क्रेन कुणाची, हा सवाल तेव्हाच विचारायला हवा होता. फोनचंही तसंच. बाबासाहेबांचे खंड आज फुकट फोनवर वाचता येतात. पाळी संपल्यावर मी ते वाचतो. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 साली निघालं आणि काम करून शिकणाऱ्यांना दार मिळालं. माझ्यासारख्याला ते दार लागतंच. पण हे मागलं दार आहे. उद्या पुढच्या दारावर पाटी लागली की 'वस्तीतल्यांनी मागून यावे', तर काय करणार?

आणि पाटी रंगवायला घेतलीय. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये सत्राचे 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून करायला मुभा दिली. आधी 20 टक्के होती. सप्टेंबर 2022 मध्ये सांगितलं, ऑनलाईन पदवी आणि कॉलेजात बसून घेतलेली पदवी सारखीच. कागदावर सारखी. मुलाखतीला एक गेला पुण्याच्या कॉलेजातनं आणि दुसरा गेला वस्तीतल्या पत्र्याखालनं, तर साहेब कुणाला खुर्ची देईल ते मला सांगायला लावू नका. स्वयमचा कोर्स फुकट, पण परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं तर फी.

माझा खरा घोर वसतिगृहाचा आहे. पोरगं घरीच शिकतंय म्हटल्यावर त्याला खोली कशाला, मेस कशाला, निर्वाहभत्ता कशाला? हे गणित मांडायला बाबूला किती वेळ लागतो? 2020 ला वसतिगृहं रिकामी केली, कैक ठिकाणी तिथं क्वारंटाईन सेंटर उघडली. पोरं परत गावात, त्याच पाटलाच्या रानात खुरपायला. आपल्या पोराला शिक्षण म्हणजे पहिल्यांदा गावातनं सुटका, मग बाकी सगळं. फोन त्याला वस्तीतच बसवून ठेवतो.

भाऊराव पाटलांना हे कळलं होतं. 1919 ला कऱ्हाडजवळच्या काल्यात रयत काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग. महाराचं, मांगाचं, मराठ्याचं, मुसलमानाचं पोर एका चुलीवरचं खायचं. धडे काय, कुठंही मिळतात. ती पंगत ॲपमध्ये कुठनं आणणार? आणि बाबासाहेबांनी 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वेळ बदलली. वर्ग मोडला नाही.

सांगलीकडची एक गोष्ट सांगतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव. 2022 पासून तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाईल बंद, दीड तास पोरांचा अभ्यास. भोंगा म्हटलं की आम्हाला पाळी आठवते, इथं भोंगा पुस्तक उघडतोय. तो देवळावर बसवलाय हे माझ्या ध्यानात आहे, तरी गावाचं कौतुक करतो. लॉकडाऊनमध्ये सरकारने पोराच्या हातात फोन कोंबला, आणि तो हातातनं काढायला गावाला भोंगा लावावा लागला!

2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा करायचा घाट घातला होता. डोंगरातली शाळा गेली की पोराला ऑनलाईनचाच आधार दाखवतील.

तेव्हा भाषण पुरे. मागं टेबलावर वह्या ठेवल्यात. जिल्ह्यातल्या एकेका वसतिगृहात जायचं. जागा किती, भरल्या किती, अर्ज करून बाहेर राहिलेली पोरं किती, भत्ता कधीपासनं थकलाय, सगळं लिहून आणायचं. वाड्यावस्त्यांवर शाळेचा पट आणि घरटी फोन मोजायचे. हे आकडे घेऊन समाजकल्याणच्या दारात बसू. माझी सुट्टी रविवारची. पाटणची वही मी घेतो. जतला कोण जातंय?