जमाखर्चाच्या वहीत आपला रकाना

(पोशीर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचायतीचा हिशोब म्हटलं की बाया म्हणतात, ते आमच्या डोक्यात शिरत नाही. पण तेलाची पिशवी मागच्या महिन्यात किती दिवस पुरली आणि या महिन्यात लवकर का संपली, हे आपल्यालाच ठाऊक असतं ना? पंचायतीचा हिशोब त्याच जातीचा आहे. फक्त तो आपल्यासमोर कोणी उघडत नाही.

मी पाच वर्षं सदस्य होते. इथे नव्हे, दुसऱ्या तालुक्यात. गावाचं नाव सांगत नाही. पहिली दोन वर्षं मी नुसत्या सह्या केल्या. कुठे करायची ते बोट ठेवून दाखवायचे. तिसऱ्या वर्षी दोन सालांचे वार्षिक जमाखर्च मागून घेतले आणि शेजारी शेजारी ठेवले. एका वर्षाच्या कागदावरून फारसं काही कळत नाही, जमेला खर्च जुळवलेलाच असतो. दोन वर्षांचे एकत्र ठेवले तेव्हा दिसलं की पंचायतीची एकूण जमा चांगली वाढली होती, पण महिला-बालकल्याणाची रक्कम घटली होती. मी तावातावाने विचारलं. उत्तर आलं, "नियमाप्रमाणेच आहे, ताई."

आणि ते खरं निघालं! नियम असा आहे की पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला आणि बालकांसाठी खर्च करायची. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, दिवाबत्ती कर वगैरे. वरून येणारं अनुदान त्यात धरत नाहीत. समजा, पंचायतीची जमा 30 लाख आहे. त्यात स्वतःचे 5 लाख. आपला वाटा 50 हजार. पुढल्या वर्षी अनुदान वाढलं, जमा 40 लाख झाली, पण घरपट्टी वगैरे मिळून 4 लाखच वसूल झाले. आपला वाटा आला 40 हजारावर. पंचायत श्रीमंत दिसते आणि आपला रकाना आटतो.

अनुदानाचं पाणी तर दरवर्षी वरखाली होतं. चौदाव्या वित्त आयोगाचा गावांचा पैसा 2015-16 ते 2019-20 या काळात थेट ग्रामपंचायतींना मिळाला. पंधराव्या आयोगाचा आला तेव्हा आपल्या राज्यात त्यातला 80 टक्के पंचायतीला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला निम्मा-निम्मा. शिवाय 2021-22 पासून त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. हंडे आपल्याच डोक्यावर असतात. पण मग नळाची कोणती वाडी आधी, हे विचारायला आपण नको का?

कर्जत तालुक्यातल्या बायांनी आणखी एक रकाना पाहावा. ग्रामीण भागातल्या जमिनीच्या व्यवहारावर 1 टक्का जादा मुद्रांक शुल्क असतं, त्यातलं अर्धं पंचायतीला मिळतं. फार्महाऊसवाल्यांनी जमिनी घेतल्या की हा आकडा फुगतो. पण गावाने विकलेली जमीन गाव पुन्हा विकू शकत नाही. पुढे दरवर्षी यायची ती घरपट्टी. ती येते फक्त नमुना 8 ला नोंद असेल तर. तेव्हा रस्त्याने जाताना बंगले मोजा आणि मग वहीतल्या नोंदी मोजा. नोंद नसलेल्या बंगल्याच्या घरपट्टीत आपलेही 10 टक्के बुडतात.

आता खर्चाची बाजू. आमच्याकडे मार्च महिन्यात 'महिला-बालकल्याण' या नावाखाली अंगणवाडीसाठी अकरा खुर्च्या घेतल्या. मी अंगणवाडीत गेले. पोरं सतरंजीवर बसली होती. खुर्च्या कार्यालयातच होत्या आणि त्यांतल्या एकीवर मी स्वतः वर्षभर बसत होते. याची मला अजून लाज वाटते. मी ते सभेत सांगितलं, तेव्हा माझ्या शेजारची सदस्य बाईही हसली. पुढच्या आठवड्यात पाच खुर्च्या अंगणवाडीत पोचल्या. उरलेल्या सहांचं काय झालं, हे मी पदावरून उतरेपर्यंत विचारत राहिले.

हे सगळं विचारायची जागा ग्रामसभा. 2003 पासून प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा सुरुवातीच्या दोन महिन्यांत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये होते. त्याच सभेत मागल्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे मांडायचे असतात. आणि तेव्हा आपल्या कातकरी वाडीतल्या बाया कुठे असतात? वीटभट्टीवर. दिवाळी झाली की जातात त्या पावसाच्या तोंडाला परततात. ज्यांच्या वाडीला नळ नाही, त्यांच्यामागे हिशोब मंजूर होतो.

म्हणून माझी सूचना आहे. दोन वर्षांच्या जमाखर्चाची नक्कल आधीच लेखी अर्ज देऊन मागा. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावरही बरंच दिसतं, मुलींना मोबाईलवर काढायला सांगा. आणि सभेच्या आधी एक दिवस भट्टीवर जाऊन या. कागद तिथेच वाचू. ज्यांना माझ्याबरोबर यायचं आहे, त्यांनी आज जाण्यापूर्वी नाव लिहून द्या. सकाळी लवकर निघावं लागेल, ऊन चढलं की भट्टीजवळ उभं राहवत नाही.