पालीकराने पाहिलेले दोन चित्रपट

बल्लाळेश्वराच्या दर्शनार्थ येणाऱ्या यात्रेकरूंवर ज्या गावातील कित्येक कुटुंबांची गुजराण चालते, त्या आमच्या पालीत बसून उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘देऊळ’ हा २०११ सालचा चित्रपट नुकताच पाहिला, तेव्हा त्यातील प्रत्येक दुकान मला परिचयाचे वाटले. भोळ्या गुराख्याला दत्ताचा दृष्टांत होतो, आणि त्याच्या निर्मळ श्रद्धेच्या आधारावर पुढारी, व्यापारी नि वृत्तपत्रे मिळून असा बाजार उभारतात की, इस्पितळाची योजना मागे पडून मंदिराच्याच बाजूने निकाल लागतो. तरीही दिग्दर्शकाने भक्तीची विटंबना केलेली नाही, हा त्याचा विवेक मला सर्वांत मोलाचा वाटतो. शेवटी संगीताचा भार मात्र किंचित अधिक झाला.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) हा दुसरा चित्रपट याहून शांत आहे. शस्त्रक्रियेने दृष्टी जाणार असलेल्या नातवाला डोळे भरून जग दाखवू पाहणारे अरुण नलावडे यांचे कोकणातील आजोबा कोठेही आक्रोश करीत नाहीत. ‘श्यामची आई’ चित्रपटानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मराठीकडे पहिल्यांदा याच चित्रपटाने आणला, आणि माझ्या मते तो सन्मान सर्वस्वी यथार्थ होता.