एकटीचा विमानप्रवास

(संस्थेच्या कन्याशाळेतील माता-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मला विषय दिला आहे तो लांबच्या विमानप्रवासाचा, आणि तोही एकट्या बाईच्या. आपल्या कोकणातल्या पुरुषांना परदेश नवा नाही. आधी आगबोटीवरची नोकरी, मग आखात. घरटी एक तरी माणूस बाहेर. बायका गेल्या त्या कुणाच्या तरी सोबतीने. आता मुलगी शिकायला निघते, आईला लेकीच्या बाळंतपणाला जावे लागते, आणि सोबत येणाऱ्याला रजा मिळत नाही. मी स्वतः २०१९ साली, वयाच्या ६१व्या वर्षी, मुंबईहून दुबईमार्गे शिकागोला एकटी गेले. आयुष्यभर वर्गात भूगोल शिकवला होता. नकाशावर काठीने शिकागो दाखवणे फार सोपे, एवढेच त्याबद्दल सांगते.

तयारीची सुरुवात नावापासून करा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, निकाहनंतर तिसरे, आणि पासपोर्टात आडनावाची जागा मोकळी, अशी आपल्याकडे पुष्कळ उदाहरणे आहेत. तिकिटावरचे नाव पासपोर्टातल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२पासून पासपोर्टावर एकच नाव असलेल्या पाहुण्यांच्या प्रवेशाबाबत कडक नियम केले. तेव्हा मुलीचे नाव शाळेत घालतानाच नीट, पूर्ण लिहा. शिक्षकांनाही माझी तीच विनंती आहे. तुमच्या हातून झालेली एका अक्षराची चूक त्या मुलीला वीस वर्षांनी निस्तरावी लागते.

आता सामान. आपल्या बायकांची बॅग म्हणजे अर्धे स्वयंपाकघर! सुके खोबरे नेऊ नका. ते तेलकट असते, उष्णतेने आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात त्याची गणना होते. खसखस तर मुळीच नको. दुबईत तिला बंदी आहे आणि तिथे ते प्रकरण अमली पदार्थांच्या कायद्यात जाते. तुमची नुसती विमानबदली असली तरी हा धोका पत्करू नका. आंब्याचा रस, लोणचे, तेलाची बाटली हातातल्या पिशवीत ठेवली तर तपासणीत काढून घेतात. १०० मिलिलिटरच्या वरचे पातळ पदार्थ तिथे चालत नाहीत. उलट रोजची औषधे हातातल्या पिशवीतच, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. इन्सुलिन खालच्या मोठ्या बॅगेत टाकलेत तर ते गोठून निकामी होण्याची भीती असते.

आणि आता जे सांगते ते रागावून सांगते. दुसऱ्याचे पुडके नेऊ नका. गावात बातमी फुटते की अमुकची आई अमेरिकेला चालली, की संध्याकाळपासून लोक यायला लागतात, “एवढी मिठाई आमच्या बाबूला द्या हो.” नाही म्हणायची आपल्याला लाज वाटते. २०१९ सालीच मुंबईचे एक दांपत्य नातलगाने दिलेले पुडके घेऊन कतारला गेले. त्यात चरस निघाली. दहा वर्षांची शिक्षा झाली आणि निर्दोष सुटून घरी यायला २०२१ साल उजाडले. तो नातलगच होता, परका नव्हता. माझ्या सख्ख्या नणंदेचा डबा मी परत केला. ती सहा महिने बोलली नाही; मग बोलू लागली.

निघायच्या आदल्या दिवशीच मुंबई गाठा. महामार्गाचा भरवसा धरू नका. विमानतळावर तीन तास आधी पोचा. दोन जीप भरून माणसे नेऊ नका, कारण तिकीट नसलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. निरोप तिथेच, रस्त्यावर घ्यावा लागतो. तो क्षण कठीण असतो, म्हणून रडून घ्यायचे ते घरीच घ्या आणि दारात पासपोर्ट हातात ठेवा. आतल्या तपासणीत बाईची झडती बाईच घेते, पडद्याआड. त्याची धास्ती नको.

पुष्कळ मुले आईसाठी चाकाची खुर्ची मागून ठेवतात. पाय धड असतात, इंग्रजी येत नाही म्हणून. मी त्यांना दोष देत नाही, पण त्या खुर्च्या कमी पडतात आणि खरोखर चालता न येणारी म्हातारी ताटकळते. त्यापेक्षा महिनाभर आधी आईला मराठी-उर्दू आकडे सोडून इंग्रजी आकडे आणि ‘गेट’ हा एक शब्द वाचायला शिकवा.

हे मी स्वतःच्या फजितीवरून म्हणते. दुबईला उतरल्यावर पासावर छापलेल्या गेटपाशी मी तसबीह घेऊन बसले, नाव पुकारतील या आशेवर. तिथे सहसा विमाने पुकारत नाहीत. पडद्यावर वाचायचे असते. मी, भूगोलाची बाई, पडद्याकडे पाहिलेच नाही! गेट बदलले होते. साफसफाई करणाऱ्या एका केरळी मुलीने माझा पास वाचला, हात धरला आणि अक्षरशः पळवले. गेट बंद व्हायला थोडीच मिनिटे उरली होती. तेव्हा दर पंधरा मिनिटांनी उठा आणि पडदा वाचा.

पुढचा प्रवास पंधरा-एक तासांचा. हलाल जेवण तिकिटाच्या वेळीच सांगून ठेवा, विमानात ऐनवेळी मिळेल असे नाही. विमानातली हवा फार कोरडी असते. पाणी पीत राहा. संडासाला उठावे लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत, पण उठणेच तर हवे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालाप्रमाणे चार तासांहून अधिक एका जागी बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसाला तो मुळात थोडाच असतो, सहा हजारांत एखाद्याला. तरी तासाला एकदा घोटे फिरवा, गल्लीतून एक फेरी मारा. शक्यतो कडेची जागा मागून घ्या. खिडकीतून दिसून दिसून काय दिसते, ढगच!

उतरल्यावर अधिकारी तीन गोष्टी विचारतो: कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार. खरे आणि थोडक्यात सांगा. लेकीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला असू द्या. मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. भाषा अडली तर दुभाषा मागा, त्यात कमीपणा नाही. खाण्याचे जिन्नस बॅगेत असतील तर ‘आहेत’ म्हणून सांगा. लपवलेत तर दंड होतो.

बाहेर आलात की लेकीच्या गळ्यात पडण्याआधी घरी फोन लावा. तिथे सकाळ असली तरी इथे रात्र झालेली असते. आदल्या रात्रीपासून दिवा चालू ठेवून कुणीतरी बसलेले असते. माझ्या घरी माझे यजमान बसले होते. फोन उचलून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “खोबरे नेले नाहीस ना?”