ज्यू समाजाचे नवे संस्कार आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





विषय ऐकून काही जण म्हणाले, "बुद्ध विहारात ज्यू लोकांचं काय काम?" काम आहे. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन हे आपल्या घरोघरचे कार्यक्रम. त्यात काही कमी पडले तर ते कुणी भरायचे, यावर आपल्यात वाद होतात. एक म्हणतो, आहे त्याला हात लावू नका. दुसरा म्हणतो, विधीच नकोत. ज्यू समाजात हाच वाद शंभरावर वर्षे चालला आणि त्यातून त्यांनी पुष्कळ काही घडवले.

ज्यूंच्या प्रार्थना काही आभाळातून पडल्या नाहीत. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि तिथले बळी देणे बंद पडले. मग त्यांच्या धर्मगुरूंनी, म्हणजे रब्बींनी, बळीच्या जागी प्रार्थना आणली. म्हणजे आज जो जुना विधी म्हणतात, तोही एके काळी नवाच होता.

पण तो पुरुषांनी रचला. सकाळच्या प्रार्थनेत पुरुष देवाचे आभार मानायचा, की तू मला बाई केले नाहीस. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंतेचा मोठा संस्कार, मुलगी झाली तर तसे काही नाही. तेरा वर्षांचा मुलगा सर्वांसमोर धर्मग्रंथ वाचून जबाबदार माणूस ठरायचा, त्याला बार मित्झ्वा म्हणतात. मुलगी बघत बसायची. सामुदायिक प्रार्थनेला दहा माणसे लागतात, त्यात बाई मोजत नसत. आणि मूल तीस दिवसांच्या आत गेले, तर शोकाचे विधी करायचे नाहीत. आईने एकटीने रडायचे.

मग १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांनी आपली बारा वर्षांची मुलगी ज्युडिथ हिला सभेपुढे उभे केले. मूळ ग्रंथाच्या गुंडाळीपासून तिला दूर उभी केली होती, छापील पुस्तकातून तिने वाचले. पण वाचले! आज अमेरिकेत मुलींचा हा संस्कार, बात मित्झ्वा, नेहमीचा झाला आहे. याच कॅप्लनांनी १९४५ साली नवे प्रार्थनापुस्तक काढले आणि 'देवाने निवडलेले लोक आम्हीच' ही कल्पना त्यातून काढून टाकली. कर्मठ रब्बींनी सभा भरवून त्यांना बहिष्कृत केले, पुस्तक जाळले. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कॅप्लन मागे हटले नाहीत.

पुढे एकेक दार उघडत गेले. १९४६ साली त्यांच्यातल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने ते बाईविषयीचे वाक्य बदलून 'मला स्वतंत्र केलेस' अशा अर्थाची वाक्ये घातली. १९७३ साली त्याच पंथाने दहा जणांत बाई मोजायला परवानगी दिली. त्याच दशकात मुलीच्या स्वागताचे संस्कार आईबापांनी स्वतः लिहिले. पोटातले मूल गेलेल्या बाईसाठी बायकांनीच प्रार्थना लिहिल्या. १९९६ साली मार्शिया फॉक या कवयित्रीने पुस्तकभर नवी आशीर्वचने रचली. त्यात देवाला मालक किंवा राजा म्हटलेले नाही.

अजून एक सांगतो. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याची आठवण म्हणून ज्यू लोक वल्हांडण सण पाळतात. ४ एप्रिल १९६९ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाला एक वर्ष झाले. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये काळ्या लोकांच्या चर्चमध्ये आर्थर वास्कोव यांनी नवा पाठ लिहून हा सण केला. ज्यू आणि काळे शेकड्यांनी एकत्र बसले. जुन्या गुलामीच्या गोष्टीत आजची गुलामी बोलली गेली.

हे लांबचे वाटेल, म्हणून जवळचे बघा. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, ते आपल्यासारखेच मराठी बोलणारे. मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवर त्यांचे १७९६ सालचे प्रार्थनामंदिर आहे. वल्हांडणाचा पाठ त्यांनी मराठीत आणला. १८७४ साली पुण्यात छापलेल्या त्या पुस्तकात साडी नेसलेल्या बाया सणाच्या भाकरी करताना दाखवल्या आहेत. शुभकार्याला ते मलिदा करतात. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू या प्रेषिताची आठवण काढतात. असा विधी इतर ज्यू समाजांकडे नाही. तो इथल्या पोह्या-गुळातून तयार झाला. म्हणून ते कमी ज्यू झाले का?

आता आपले बघू. ज्यू देव मानतात, आपण मानत नाही. त्यांची नक्कल आपल्याला करायची नाही. आणि आपल्याला विधी रचायचा रस्ता बाबासाहेबांनीच दाखवला. २२ प्रतिज्ञा त्यांनी रचल्या. ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात, महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, त्यांनी बौद्ध विवाह कसा करावा ते लिहून कळवले. होम नाही, सप्तपदी नाही. वधू-वरांच्या मधे पाण्याने भरलेले नवे मडके, त्यात सुताचा धागा, एकेक टोक दोघांच्या हातात, अंगावर पांढरी वस्त्रे, आणि मंगल सुत्त. गरिबातल्या गरिबाला परवडेल, आणि नवरा-नवरी समान.

मग आपण कुठे कमी पडतो? लग्न विहारात लागते, पण हळद रात्री जुन्याच पद्धतीने आणि मुहूर्त ब्राह्मणाला विचारून. तान्हे बाळ गेले तर आपल्याकडेही गुपचूप उरकतात, त्या आईसाठी एक गाथा कुणी म्हणत नाही. विधवा बाई मुलाच्या लग्नात मागे उभी राहते. जिथे आपला संस्कार पोचत नाही, तिथे सटवाई आणि दहावा-तेरावा येऊन बसतात. नुसती शिवी देऊन ते जाणार नाहीत. जागा भरावी लागेल.

म्हणून आमचे तीन विचार विहार समितीपुढे ठेवतो. पहिला, बाळ गेलेल्या आईबापांसाठी विहारात साधे पुण्यानुमोदन करावे. दुसरा, लग्नात मडक्यात पाणी भरण्याचा मान आईला द्यावा, मग ती विधवा असो वा सवाष्ण. तिसरा, पाली गाथेनंतर तिचा अर्थ मराठीत सांगावा आणि हे काम शिकलेल्या मुलींनी, सुनांनी करावे.

मात्र ज्याने त्याने घरी मनाला येईल ते करू नये. पाठ लिहून काढावा, भन्तेंना दाखवावा, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञांशी ताडून पाहावा आणि सर्वांनी मिळून म्हणावा. चुकला तर दुरुस्त करावा. ज्यू बायकांनी तेच केले. परवानगीची वाट बघत बसल्या असत्या, तर आजही बघतच बसल्या असत्या.

 सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!